घरच्या कर्त्याला कोण हसणार?

मराठी विनोदी सिनेमा भित्रा आहे. तो कंडक्टरला हसतो, भाजीवालीला हसतो, जाड बाईला आणि तोतऱ्या माणसाला हसतो, पुरुषाला साडी नेसवून हसतो, आणि हसायला कोणी उरलं नाही की आमच्या मराठवाड्याच्या बोलीला हसतो. गाडीत डायवरशेजारच्या सीटवर बसून सगळ्या घरादाराला वेठीला धरणाऱ्या कर्त्या पुरुषाला मात्र तो बोटही लावत नाही. हे मी उदगीरमध्ये राहून बघतो आहे, म्हणून माझा राग जास्त आहे. ज्या प्रवासावर उत्तम विनोदी सिनेमा व्हावा, तो प्रवास इथल्या गल्ल्यांतून दर उन्हाळ्यात निघतो आणि त्याच्याकडे कॅमेरा घेऊन एक माणूस फिरकत नाही.

1983 साली अमेरिकेत 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' आला. दिग्दर्शक हॅरल्ड रॅमिस, लेखक जॉन ह्यूज. शिकागोकडचा क्लार्क ग्रिसवोल्ड हा नोकरदार बाप बायको आणि दोन पोरांना घेऊन थेट कॅलिफोर्नियातल्या 'वॉली वर्ल्ड' या करमणुकीच्या बागेकडे मोटारीने निघतो. विमानाने जाऊ, असं बायको सुचवते. तो ऐकत नाही, कारण घरच्यांनी एकत्र प्रवास केलाच पाहिजे असं त्याने ठरवलेलं असतं. मग जे काही होतं ते सगळं त्या ठरवण्यामुळे होतं. रस्ता चुकतो, पैसे संपतात, गाडी मोडते. वाटेत एका म्हाताऱ्या मावशीला पोचवायची जबाबदारी गळ्यात पडते आणि ती मावशी गाडीतच मरते. क्लार्क तिचं प्रेत टपावर बांधतो, पुढे नेतो आणि तिच्या मुलाच्या बंद घराच्या अंगणात पावसात ठेवून निघून जातो, कारण त्याला बागेत पोचायचं असतं. शेवटी पोचतात तर बाग दुरुस्तीसाठी बंद. क्लार्क खेळण्यातल्यासारखी छऱ्याची पिस्तूल विकत घेतो आणि रखवालदाराला धाक दाखवून पाळणे चालू करायला लावतो.

चेव्ही चेजने हा बाप असा उभा केला आहे की त्याचा राग येतो, कीव येते आणि सगळ्यात जास्त म्हणजे तो ओळखीचा वाटतो. घरातले तिघेही परत जाऊ म्हणत असतात आणि तो त्यांच्यावर ओरडत असतो की मजा ही करावीच लागेल. त्या सिनेमात खलनायक नाही, दुष्ट सावकार नाही. आनंद कसा करायचा हे स्वतः ठरवून तो घरावर लादणारा बाप, एवढंच त्या संकटाचं मूळ. लेखकाने ते लपवलेलं नाही.

या सिनेमाचं बीज जॉन ह्यूजच्याच 'व्हेकेशन 58' या गोष्टीत आहे. ती 1979 मध्ये 'नॅशनल लॅम्पून' मासिकात छापून आली. ती गोष्ट बाप सांगत नाही, मुलगा सांगतो. म्हणजे मागच्या सीटवरून, बापाच्या मानेकडे बघत सांगितलेली ती हकिगत आहे. मला या सिनेमाचं सगळं बळ तिथे दिसतं. सिनेमा निर्दोष नाही. सेंट लुईसमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत हे कुटुंब रस्ता चुकून शिरतं तो प्रसंग लाजिरवाणा आहे. गरीब वस्तीतल्या माणसांना तिथे चोर म्हणून वापरून घेतलं आहे, आणि आमच्याकडच्या लेखकांनी नेमकी हीच खोड उचलली असती याची मला खात्री आहे. पण मूळ गाभा खरा आहे. सत्ता ज्याच्या हातात, हसू त्याच्यावर.

आता आमच्या उदगीरला या.

मे महिन्यात पोरांना सुट्ट्या लागल्या, लग्नं उरकली की घराघरांत तिरुपतीचं ठरतं. कोणी म्हणतं रेल्वेने जाऊ. कर्ता म्हणतो, नाही, गाडी करू. क्रूझर किरायाने ठरते. बिदर, झहीराबाद, हैदराबाद, कर्नूल, कडप्पा असा सातशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. निघायचं मध्यरात्री, कारण एका मुक्कामाचं लॉजभाडं वाचतं. क्रूझरमध्ये बसतील तितकी माणसं, वर मांडीवर पोरं, टपावर बोचकी आणि स्टो. दशम्या, धपाटे, शेंगाची चटणी बायांनी आदल्या दिवशी दुपारपासून करून ठेवलेली. पुढच्या सीटवर कर्ता, म्हणजे अण्णा. मागे आई, सुना, लेकी, नातवंडं, आणि अगदी शेवटच्या आडव्या बाकावर धाकटी सून, मांडीवर तान्हं घेऊन, डिझेलच्या वासात.

ही धाकटी सून निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही. तिची सासूही पीत नाही, थोरली जाऊही पीत नाही. का, ते या भागातली प्रत्येक बाई सांगेल. पुरुषांना कुठलंही बाभळीचं झाड चालतं आणि अण्णांना तंबाखू मळायची असली की गाडी थांबते. बायांना आडोसा लागतो. तो उजेडात मिळत नाही, रात्री तिथे जायची भीती वाटते आणि पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असतं. मग कोणी धीर करून म्हणतं, "गाडी थांबवा की जरा." पुढून उत्तर येतं, "आता कशाला थांबायचं, झहीराबाद आलंच की." झहीराबाद येतं आणि जातं. देवदर्शनाला निघालेल्या बायका मे महिन्याच्या उन्हात तहान मारून बसलेल्या असतात, घरी आल्यावर मूत्रमार्गाच्या जळजळीने आठवडा काढतात आणि त्याला 'उन्हाळी लागली' असं नाव देऊन विषय बंद होतो. उन्हाळी कुठून लागली हे अण्णांना कोणी सांगत नाही.

डायवरचंही तेच. तो आदल्या रात्री दुसरं भाडं टाकून आलेला असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 91 वं कलम आहे. ते चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा घालतं. तिरुपतीच्या भाड्यात हे कलम कोणी वाचलेलं नसतं. पहाटे डायवरचे डोळे मिटायला लागतात तेव्हा अण्णा त्याला चहा पाजतात, मोठ्याने भजन लावतात आणि स्वतः मान टाकून झोपतात. मागे जागी असते ती थोरली सून. ती आरशात डायवरचे डोळे बघत बसते आणि गाडी जराशी डगमगली की खोकते. अशा प्रवासात माणसं मरतात, दर मोसमात मरतात, वर्तमानपत्रात 'चालकाचे नियंत्रण सुटले' असं छापून येतं. कोणाच्या हट्टामुळे सुटलं, ते छापून येत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरात तर 'वॉली वर्ल्ड'ची हुबेहूब गोष्ट घडली. ग्रहणाच्या काळात तिरुमलाचं देऊळ कित्येक तास बंद ठेवतात आणि ते आधी जाहीर करतात. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरीने ते मोबाइलवर वाचलं होतं, तिने आईला सांगितलं, आईने काकूला सांगितलं आणि तिथून पुढे ती बातमी सरकलीच नाही. पुढच्या सीटपर्यंत ती न्यायची कोणी? तारीख कर्त्याने ठरवली होती, पंचांग त्याच्या खिशात होतं. सगळं कुटुंब घाट चढून बंद दारासमोर जाऊन पोचलं. पोरांना घाटात उलट्या झालेल्या, म्हातारीचे पाय सुजलेले. आणि परत आल्यावर गल्लीत लाडू वाटताना कर्त्याने काय सांगितलं? देवाच्या मनात होतं म्हणून एक दिवस जास्त राहायला मिळालं. मागे उभ्या असलेल्या बायका गप्प होत्या. त्या पोरीची ती नजर मी अजून विसरलो नाही.

या गप्प बसण्यात सिनेमा आहे. पुढच्या सीटची हकिगत आणि मागच्या सीटची हकिगत यांच्यात जी दरी आहे, तिच्यात कोणत्याही पटकथाकाराला पुरून उरेल इतका विनोद आणि इतका संताप भरलेला आहे. आमचे पटकथाकार काय करतात?

ते बस घेतात. 1972 साली हिंदीत 'बॉम्बे टू गोवा' आला. मेहमूद कंडक्टर, बसमध्ये नाना तऱ्हेचे प्रवासी. 2004 मध्ये मराठीत सचिन पिळगावकरांचा 'नवरा माझा नवसाचा' आला. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, कंडक्टरच्या गणवेशात अशोक सराफ. तो सिनेमा लोकांना आवडला, मलाही अशोक सराफांचं काम आवडलं. खाकी शर्ट घातलेल्या त्या माणसाकडे बघताना एसटीच्या नोकरीत आयुष्य घालवलेले आमच्या डेपोतले लोक आठवतात, इतकं ते काम सच्चं आहे. तरीही मला त्या सिनेमाशी भांडायचं आहे, कारण त्याने हातात आलेली सोन्यासारखी गोष्ट टाकून दिली.

गोष्ट काय होती? बापाने पोराच्या जन्मासाठी नवस केला की मुलगा झाला तर त्याला नागडा गणपतीपुळ्याला आणीन. नवस फिटायचा राहिला. पोरगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि आता हा घोडा झालेला माणूस देवासमोर उघडा जाऊन उभा राहणार कसा, असा पेच. पोराच्या अब्रूवर नवस बोलणारा बाप! आपल्या सगळ्या घरांचं चित्र या एका कल्पनेत आहे. कर्त्याने शब्द द्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने चुकवायची. या बापाला जाब विचारणारा विनोद किती जहाल झाला असता. पण सिनेमा त्या बापाकडे वळून बघत नाही. गमती होतात त्या प्रवाशांच्या, गैरसमजांच्या, कंडक्टरच्या. नवस पवित्र, बाप पवित्र, आणि हसायला बसमधले अनोळखी लोक. 20 वर्षांनी, 2024 मध्ये दुसरा भाग आला. एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली, बाकी विचार तिथेच थांबलेला.

आपल्या प्रवासाच्या सिनेमात बहुतेकदा बस का असते, याचं उत्तर मला इथे मिळतं. बसमध्ये परके लोक असतात. परक्यांना हसणं सुरक्षित असतं. किरायाच्या क्रूझरमध्ये सगळे घरचे असतात, तिथे हसायचं म्हटलं तर घरच्या माणसाला हसावं लागेल. तेवढं धैर्य नाही, म्हणून तिकीट काढून पन्नास अनोळखी माणसं गोळा केली जातात.

आमच्या मराठवाड्याने या बाबतीत एक मोठं काम करून ठेवलं होतं. औरंगाबादच्या डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लिहिलं आणि एकट्याने रंगमंचावर केलं. 52 पात्रं, एक माणूस. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. ते विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत, 2009 मध्ये गेले. लग्नासाठी लंडनला निघालेलं खेड्यातलं आख्खं वऱ्हाड ते एका आवाजात उभं करत, आणि त्यात घरचे थोर, गावचे मानकरी, रुसणारे, आडून बसणारे सगळे सोलून निघत. बोली मराठवाड्याची होती, पण हसू बोलीवर नव्हतं. माणसाच्या ताठ्यावर, मानपानावर, दुसऱ्याला धाकात ठेवायच्या सवयीवर होतं. त्यांच्या तोंडचा मराठवाडी माणूस प्रेक्षकांपेक्षा हुशार वाटायचा.

त्यांच्या मागून जे आले त्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलली, हेल. आज टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात एखादा नट धोतर गुंडाळून येतो, 'लई' आणि 'कामून' एवढे दोन शब्द म्हणतो आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे खुर्चीत लोळून हसतात. काय विनोद केला त्याने? आम्ही बोलतो तसं तो बोलला, एवढंच. 2022 च्या एप्रिलमध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगीरला भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. साऱ्या महाराष्ट्रातून लिहिणारे लोक आमच्या गावात येऊन गेले. ज्या तालुक्याच्या अंगणात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकमेकींशी बोलतात, त्या तालुक्याचं बोलणं टीव्हीवाल्यांना अजून फक्त बावळटपणा दाखवायला लागतं. हा अपमान आहे, आणि तो करणाऱ्यांत आमच्याच भागातून गेलेली पोरं आहेत, याचं दुःख वेगळं.

निर्माते लोक एक सबब नेहमी सांगतात. आपल्याकडे वडिलांना हसलेलं चालत नाही, आपली संस्कृती तशी नाही. हे धादांत खोटं आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. सासुरवाशिणीच्या तोंडून देवीला साकडं घालताना त्यांनी सासरचं एकेक माणूस घेतलं, नवऱ्यालाही सोडलं नाही. आणि ते कीर्तनात, देवळाच्या पारावर, त्याच सासऱ्या-नवऱ्यांच्या समोर गायलं जातं, आजही. संतांना जे चाललं ते सिनेमावाल्यांना का चालत नाही?

चि. वि. जोशींचा चिमणराव तर कर्ता पुरुषच आहे. पुण्यातला कारकून, घरात काऊ, मोरू, मैना, राघू, सोबतीला गुंड्याभाऊ. त्याची प्रत्येक मर्दुमकी अंगाशी येते आणि ते त्याच्याच तोंडून कळतं. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तो घराघरांत पोचवला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कुठल्या बापाची अब्रू गेली नाही. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये भ्रमणमंडळ काढून पुण्याला निघालेले चाळकरी आहेत. कर्ते पुरुष प्रवासाच्या नावाखाली किती उपद्व्याप करतात, ते तिथे उघडं पडलेलं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांनी हे केलेलं आहे, वाचणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलेलं आहे. मधेच सिनेमाला आणि टीव्हीला बाप देवासारखा कधीपासून वाटायला लागला? माझं उत्तर असं की तिकिटाचे पैसे बापाच्या खिशातून येतात, असा त्यांचा हिशेब आहे. घरातला टीव्हीचा रिमोटही त्याच्याच हातात. ज्याच्या हातात रिमोट त्याला दुखवायचं नाही, हे त्यांचं सगळं कलाशास्त्र.

हिशेबही चुकीचा आहे. 'व्हेकेशन' तिकीटबारीवर 6 कोटी डॉलरच्या वर गेला. त्याचा पहिला शेवट वेगळा होता. तो काही प्रेक्षकांना आधी दाखवला, त्यांना पटला नाही, कारण इतक्या हालअपेष्टांनंतर कुटुंब बागेत शिरतच नव्हतं. मग पुन्हा चित्रीकरण करून रखवालदाराचा प्रसंग घातला गेला. प्रेक्षकांनी बापाला सांभाळून घ्या असं म्हटलं नाही. त्याला शेवटपर्यंत जाऊ द्या, असं म्हटलं. आमच्या प्रेक्षकाला इतकं विचारायची तसदी कोणी घेतली आहे का? लातूरला, नांदेडला, उदगीरला येऊन एखाद्या थेटरात बायकांची रांग बसवून विचारा की प्रवासात तुम्हाला कशाचं हसू येतं. त्या पहिल्यांदा इकडेतिकडे बघतील. पुरुष बाहेर गेले आहेत याची खात्री पटली की मग बोलतील, आणि लिहून घ्यायला तुमची वही पुरणार नाही.

मला हा सिनेमा हवा आहे. तो धाकट्या सुनेने सांगावा किंवा मोबाइलवर ग्रहणाची बातमी वाचलेल्या त्या पोरीने. बोली आमची असावी आणि शहाण्या माणसांच्या तोंडी असावी. आणि एक गोष्ट लिहिणाऱ्याने आत्ताच मनाशी पक्की करावी. शेवटच्या रिळात अण्णांना रडवायचं नाही. त्यांना पश्चात्ताप झाला, त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, मागे सनई वाजली, असला सोयीचा शेवट मराठी सिनेमाने हजार वेळा केला आहे आणि दर वेळी थेटरातल्या अण्णांना फुकटात माफी मिळाली आहे. क्लार्क ग्रिसवोल्ड शेवटपर्यंत सुधारत नाही. आमचे अण्णाही सुधारणार नाहीत, पुढच्या मे महिन्यात ते श्रीशैलमची गाडी ठरवतील. फरक पडलाच तर मागच्या सीटवर पडावा. झहीराबादच्या अलीकडे धाकट्या सुनेने डायवरला स्वतः हाक मारून गाडी थांबवायला सांगावं, आणि अण्णांना न विचारता डायवरने ती थांबवावी.